बाईंनी बसवलेले ब्रेक

दुसऱ्याच्या चुका वेळेत ओळखण्यासाठीच ज्यांना आयुष्यभर पगार मिळाला, त्यांच्या तोंडून आभाराचे शब्द सहसा निघत नाहीत. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंचेही तसेच होते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचे, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर तळपाय टेकवून ठेवायचा, आणि तो घाबरून भलतेच पेडल दाबण्याच्या आत आपले दाबायचे, हे त्यांचे काम. परवाना मिळेपर्यंत जो माणूस त्यांना वाकून नमस्कार करी, तोच परवाना हाती पडल्यावर पुढच्या चौकात ओळख न दाखवता त्यांना कट मारून जाई. या कृतघ्नतेची बाईंना इतकी सवय झाली होती, की एखाद्याने खरोखरच आभार मानले तर त्या संशयाने विचारत, "कुठे ठोकलीत?"

त्यांचे यजमान व्यवसायाने टर्नर. सगळी वस्ती त्यांना टर्नरच म्हणे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा लोखंड फिरवून कापायचा लेथ होता, आणि केसाइतका फरक बोटाच्या टोकाने ओळखण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्या ख्यातीचा गाजावाजा करण्यात तेही मागे नसत. हेच टर्नर बाईंचे अगदी सुरुवातीचे शिकाऊ. लोखंडावर इतका हलका चालणारा हात क्लचवरच्या पायाला मात्र काही केल्या वळण लावू शकत नव्हता. गाडी बेडकासारखी उड्या मारी. बाईंनी त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही.

"म्हणून तर लग्न केलं," टर्नर पाहुण्यांना सांगत. "म्हटलं, निदान घरात तरी अपील करता येईल."

"अपील दाखल आहे," बाई चहाचा ट्रे ठेवत म्हणत, "सुनावणी व्हायचीय."

पुढे कधीतरी सुनावणी झाली, परवानाही मिळाला, आणि टर्नरांनी भंगारातून एक जुनी गाडी उचलून आणली. शौकीन लोक ज्यांना मसल कार म्हणतात त्यांच्यापैकी एक: दोन दारे, लांबलचक नाक, ट्रकला शोभेल असे इंजिन आणि चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. ती पळावी कशी याचा तिच्या निर्मात्यांनी जेवढा विचार केला होता, तेवढा ती थांबावी कशी याचा केलेला दिसत नव्हता. वेग दाखवून गाडी विकता येते. थांबण्याला कोण विचारतो? टर्नर ब्रेक लावत नसत, ब्रेकवर अक्षरशः उभे राहत. पण पायात बळ होते तोवर त्याची कुणी तक्रार केली नाही. सुटीच्या दिवशी सकाळी दोघे गावाबाहेर चक्कर मारून येत, आणि बाई सगळा वेळ त्यांचे आरसे, इंडिकेटर आणि मान वळवण्यातला आळस यांवर बोलत राहत. तो त्यांच्या संसारातला सर्वांत आनंदाचा काळ होता, हे तेव्हा दोघांपैकी एकानेही बोलून दाखवले नाही.

मग एका सकाळी लेथसमोर उभे असतानाच टर्नरांचे उजवे अंग लुळे पडले.

रुग्णालयाबद्दल बाईंना बोलते केले की ऐकणाराच थके. लिफ्ट बंद, रांगेला शिस्त नाही, व्यायामाच्या खोलीतल्या खुर्च्या डगमगत्या: आधाराला म्हणून आलेल्या माणसाला डगमगती खुर्ची देणाऱ्या व्यवस्थेची अक्कल काढावी तेवढी थोडी. बाई रोज कुणाला ना कुणाला धारेवर धरीत. पण त्याच खोलीत एक तरुण व्यायामवाली होती. टर्नरांच्या गुडघ्याखाली हात देऊन ती त्यांना पुनःपुन्हा पाय दाबायला लावी आणि ते कंटाळले की म्हणे, "काका, लेथ तुमचा असेल, पाय सध्या माझ्या ताब्यात आहे." तिच्याविषयी बाईंनी कधी तक्रार केली नाही. त्यांच्या हिशेबी हे मोठेच प्रशस्तिपत्र होते.

हात परत आला. पायही आला, पण सगळा नाही. काठी सुटली, चालणे जमले. जोराने रेटायचे म्हटले की मात्र मांडी थरथरू लागे. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवायला हरकत नाही. हलकी गाडी असेल तर उत्तम." टर्नरांनी यातले पहिलेच वाक्य ऐकले.

परगावी राहणारी लेक हे कळताच धावत आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघे बसली.

"बाबा, तो रणगाडा आता विका. नाहीतर निदान त्याला नवे डिस्क ब्रेक बसवा."

"त्यासाठी चाकं बदला, धुरा बदला, बॉनेटखाली जागा करा. मग जुन्यातलं उरलं काय? हॉर्न?"

"पण तुमच्या पायात..."

"पायाचं मला सांगू नकोस. ड्रममध्ये ताकद आहे. आपण आजवर तिला नीट हातच लावला नाही." त्यांनी टेबलावरचा स्टीलचा डबा आडवा केला, झाकण काढले आणि दोन्ही पंजे आत घातले. "हा ड्रम. चाकाबरोबर फिरतोय. आत हे दोन शू, पंजांसारखे बाकदार, आणि त्यांच्यावर घासणारा थर असतो, ते लायनर. गाडीच्या तोंडाकडे असतो त्याचं लायनर आखूड, मागच्याचं लांब. पेडल दाबलं की पुढचा ड्रमला टेकतो. फिरता ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, तो खालून मागच्याला रेटतो, आणि मागचा लांब लायनरवाला गच्च धरतो. थांबवण्याचं निम्मं काम पळणारं चाकच करतं. माझ्या पायाने फक्त सुरुवात करून द्यायची."

"मग इतके दिवस उभे का राहत होतात त्याच्यावर?"

"कारण ड्रम लंबगोल झालेत, लायनर मधेच तेवढं टेकतं, आणि पिस्टनची रबरं गळतात. आळस, दुसरं काय! पाय धडधाकट होता तेव्हा कोण बघतंय?"

लेकीने आईकडे पाहिले. या घरात कुणी गाडी चालवावी आणि कुणी नाही, याचा निकाल बाईच देत असत, आणि तो फिरवण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. बाईंनी डब्याला झाकण लावून तो जागेवर ठेवला.

"दुरुस्त करा. मी शेजारी बसेन. 'थांबा' म्हटल्यावर गाडी सरळ रेषेत थांबली, तर किल्ली तुमची. नाही थांबली तर माझी, आणि मग त्यावर घरात पुन्हा शब्द निघायचा नाही."

"मान्य," टर्नर म्हणाले. त्यांनी हे इतक्या झटकन म्हटले, की बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. हरला तर हा माणूस शब्द पाळेल, आणि शब्द पाळून शेडच्या दाराशी नुसता बसून राहील, हे त्यांना स्वच्छ दिसले.

काम सुरू झाले. लायनरच्या दुकानदाराने काळेभोर, दगडासारखे टणक लायनर पुढे केले. "हेच न्या. जन्मात झिजणार नाही."

"म्हणजे जन्मात धरणारही नाही," टर्नर म्हणाले. "मऊ दाखवा."

"मऊ लवकर संपतं हो."

"मीही लवकरच संपणार आहे. दोघांचं बरोबर जमेल."

"शुभ बोला जरा," बाई फणकारल्या. टिकण्याची हमी देऊन उपयोगाचे नाव न काढण्याची ही व्यापारी रीत त्यांना नवी नव्हती. परवाना कार्यालयापासून प्रेशर कुकरपर्यंत ती त्यांनी सर्वत्र अनुभवली होती. शेवटी मऊ लायनर मिळाले.

उंच स्टुलावर बसून टर्नरांनी एकेक करून चारही ड्रम लेथवर चढवले आणि आतून हलकेच कापून पुन्हा गोल केले. थोडे कापल्यामुळे ड्रमचा घेर जरासा वाढला, आणि शूचा बाक त्याला जुळेना. मग त्यांनी ड्रमच्या आतल्या अंगाला खडू फासला, शू टेकवून डोलवला आणि बाईंना दाखवला. खडूचा डाग लायनरच्या फक्त मधल्या भागावर उमटला होता.

"बघ. एवढंच टेकतंय. बाकी सगळं शोभेला. घासायचं, पुन्हा टेकवायचं, पुन्हा बघायचं, सगळा पट्टा पांढरा होईस्तोवर."

हे काम बाईंकडे आले. जुन्या लायनरची पूड छातीला वाईट म्हणून तोंडावर मास्क, ओल्या फडक्याने सगळे पुसलेले, आणि हाती सँडपेपर. त्या शेडच्या उंबऱ्याशी बसून घासत राहत. दिवसभर क्लास, घरी आल्यावर हे. पण शिकाऊ माणसांच्या तुलनेत लायनर पुष्कळच समजूतदार होते: जिथे चूक होती तिथे खडू लागत नसे, आणि त्याबद्दल ते सबबी सांगत नसे. हळूहळू पांढरा पट्टा कडेपर्यंत पसरला. टर्नरांनी पिस्टनची रबरे आणि नळ्या बदलल्या, जुने ब्रेक ऑइल काढून नवे भरले.

त्यांचा एक जुना नियम होता. एका वेळी एकच चाक उघडायचे. दुसरे जसेच्या तसे राहू द्यायचे, म्हणजे कुठे काय होते याचा नमुना समोर राहतो. मागची चाके त्यांनी तशीच बांधली. पुढच्या चाकांशी मात्र त्यांनी स्वतःच नियम मोडला. पाय लवकर दमत होता, आणि स्टूल घेऊन गाडीभोवती फिरणे आता होत नव्हते. "मी उजवं बांधतो, तू डावं बांध," ते म्हणाले. "आधी माझं बघ. मी करतो तसंच करायचं. डोकं चालवायचं नाही."

हे वाक्य बाईंच्या ओळखीचे होते. त्या स्वतः रोज तेच म्हणत. त्या टर्नरांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. लांब लायनरचा शू कोणत्या हाताला, आखूड कोणत्या, स्प्रिंग कुठून अडकवायची, कोणत्या बाजूने चिमट्याने ओढायची, हे सगळे त्यांनी डोळ्यांत साठवले. मग गाडीला वळसा घालून त्या डाव्या चाकाशी बसल्या आणि पाहिलेले सगळे हुबेहूब केले. स्प्रिंग दोनदा निसटून हनुवटीला लागली. त्यांनी ती तिसऱ्यांदा अडकवली. ड्रम चढवल्यावर टर्नर कसेबसे आले, ड्रम हाताने फिरवला, आतून हलकी घासट येते का ते कान लावून ऐकले आणि म्हणाले, "पास."

लग्नानंतर त्यांच्या तोंडून बाईंना मिळालेला हा पहिलाच पास. बाई उगाचच लाजल्या.

परीक्षा ट्रकच्या वजनकाट्यामागच्या मोकळ्या आवारात झाली. बाईंच्या शिकाऊ लोकांसाठी तिथे जमिनीवर चुन्याच्या रेषा मारलेल्या होत्या आणि कडेला रिकामे पिंप ठेवलेले होते. टर्नर स्टिअरिंगमागे बसले. बाई शेजारी. या गाडीत त्यांच्या बाजूला जादा ब्रेक नव्हता. आपल्याला फक्त बोलता येईल, थांबवता येणार नाही, ही जाणीव त्यांना दार लावल्यावर झाली.

गाडी सुटली. इंजिन घशातून गुरगुरले, चुन्याच्या रेषा सरसर मागे गेल्या.

"थांबा!"

टर्नरांनी पेडल दाबले आणि गाडीने एकदम उजवीकडे हिसका घेतला. स्टिअरिंग त्यांच्या हातातून फिरले, रेषा सुटली, उजवा मडगार्ड पिंपावर आदळला, आणि ते पिंप गडगडत कुंपणापर्यंत गेले. धूळ बसली. टर्नरांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मांडी थरथरत होती.

"लागलं का कुठे?" त्यांनी विचारले.

"नाही."

"पायच तो. एकदम झटका बसला. माझ्या लक्षात आलं तोवर..." त्यांनी वाक्य सोडून दिले. किल्ली काढून त्यांनी ती बाईंच्या हातात ठेवली. घासाघीस नाही, अपील नाही. बाईंनी असंख्य लोकांना नापास केले होते; कुणी हुज्जत घातली होती, कुणी रडले होते. इतक्या निमूटपणे कुणीच निकाल घेतला नव्हता. त्यांनी किल्ली घेतली. दोघांनी जागा बदलल्या.

परत येताना बाई अगदी सावकाश चालवत होत्या. पहिल्या चौकात लाल दिवा लागला. त्यांनी ब्रेक दाबला, आणि स्टिअरिंगने त्यांच्या तळहाताला उजवीकडे हलकासा ओढा दिला. त्यांना वाटले, भास असेल. मन ताळ्यावर नाही. पुढच्या रिकाम्या गल्लीत त्यांनी मुद्दाम हात सैल सोडले आणि पुन्हा ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे वळली. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा उजवीकडे.

"काय चाललंय?" टर्नरांनी विचारले.

"माझ्या पायाला काय झालंय?"

"अं?"

"माझा पाय चांगला आहे ना? मग माझ्या पायाखालीही ही उजवीकडेच का जाते?"

टर्नर सीटवर सरळ होऊन बसले. सकाळपासून प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "घरी चल," ते म्हणाले. "लवकर नको, पण चल."

शेडमध्ये जॅक लागला आणि पुढचे दोन्ही ड्रम उतरले. टर्नरांनी आपले चाक निरखले: तेल नाही, स्प्रिंग जागेवर, लांब शू मागे, आखूड पुढे. सगळे ठीक. बाई आपल्या चाकाशी गुडघ्यांवर बसल्या. त्यांचेही सगळे जागच्या जागी होते. त्या उठून टर्नरांच्या बाजूला गेल्या, पाहिले, परत आल्या, पाहिले. तिसऱ्यांदा जाताना मधेच, गाडीच्या नाकाशी, त्या थबकल्या.

"अहो, तुमचा लांब शू कोणत्या हाताला आहे?"

"डाव्या. म्हणजे मागे."

"माझाही डाव्याच हाताला आहे." बाईंनी आपल्या चाकाकडे बोट केले. "पण मी इकडून बसलेय. माझ्या डाव्या हाताला गाडीचं तोंड आहे."

डाव्या चाकात मागचा शू पुढे गेला होता, पुढचा मागे. डावे चाक अर्धवट धरत होते, उजवे पुरते, आणि गाडी बिचारी जो धरतो त्याच्याकडे वळत होती. बाईंनी किल्ली हातात घेऊन पाहिली. आपल्या हाताने केलेल्या चुकीवर आपणच या माणसाला नापास केले, आणि तो निमूटपणे नापास झाला. चौकात दिवा हिरवा असता, तर ब्रेक न लावताच त्या घरी आल्या असत्या. मग ही किल्ली त्यांच्या कपाटात जन्मभर पडून राहिली असती आणि टर्नर जन्मभर आपल्या पायाला दोष देत बसले असते.

पलीकडून खिदळण्याचा आवाज आला. टर्नर स्टुलावर पोट धरून हसत होते.

"हसता कसले?"

"अगं, उभ्या जन्मात तू माझं म्हणणं पहिल्यांदाच जसंच्या तसं ऐकलंस! तेही नेमकं इथे!"

"तुम्हीच म्हणालात, डोकं चालवायचं नाही."

"म्हणालो खरा. आणि ड्रमला कान लावून पास केलं तेही मीच. उघडून बघायला नको होतं? नुसत्या आवाजावर पास!" त्यांनी डोळे पुसले. "दोघेही नापास. चल, पाना दे."

या वेळी एकच चाक उघडे राहिले. शू बाईंनीच बदलले. टर्नर शेजारी स्टूल ओढून, या खेपेस दमछाक सोसून, प्रत्येक स्प्रिंग बोटाने चाचपत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आवार, तेच दोघे. "थांबा!" म्हटल्यावर टर्नरांनी पेडल दाबले. दाबले म्हणजे सुरुवात करून दिली. उरलेले काम चाकांनी केले. लांब नाक क्षणभर खाली झुकले आणि गाडी रेषेवर, रेषेइतकी सरळ, उभी राहिली. बाईंनी पुन्हा पळवायला लावली, पुन्हा थांबवायला लावली. मग पाण्याच्या टाकीकडचा उतार: वरपासून खालपर्यंत, दर वळणाला ब्रेक. खाली पोचेतो तापलेल्या लायनरचा वास आला, पण पेडल खोल गेले नाही, गाडी बाजूला ओढली नाही, आणि मांडी थरथरली नाही. बाईंनी किल्ली मागितली नाही. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या, आणि टर्नरांनीही त्यांच्याकडे पाहण्याचा आगाऊपणा केला नाही.

संध्याकाळी त्या रुग्णालयात गेल्या. त्यांना दारात पाहताच व्यायामवालीचा चेहरा उतरला.

"आज काय झालं, मॅडम?"

"काही नाही. ते गाडी चालवतात आता." आभार मानण्याची सवय नसलेल्या माणसाला त्यासाठी लागणारे शब्द जवळच्या फळीवर सापडत नाहीत. त्यांनी पुष्कळ शोधले. "तू तो पाय दाबून दाबून घेतलास ना, तोच आज ब्रेकवर होता. एवढंच सांगायला आले. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

मुलीने हात जोडले. बाई वळल्या आणि दारातून म्हणाल्या, "खुर्च्या मात्र अजून डगमगतातच हं."

लेकीला फोनवर त्यांनी एकाच वाक्यात निकाल कळवला. "चूक माझी होती, बाबांची नव्हती," इतके म्हणून त्यांनी फोन टर्नरांच्या हाती दिला. पुढची गोष्ट सांगण्याचा मान त्यांचा होता, आणि त्यांनी ती चांगली लांबवून, हिसक्यासकट, पिंपासकट सांगितली. प्रत्येक वेळी सांगताना ते पिंप थोडे अधिक दूर गडगडत गेले.

तेव्हापासून बाईंना कामावर सोडायला टर्नर जातात. एका सकाळी दोघे असेच निघाले. बाई शेजारी बसून एका शिकाऊ बाप्याविषयी बोलत होत्या: त्याला आरसा हा केस विंचरण्यासाठी असतो असे वाटते, सांगून सांगून जीभ दुखली, आणि वर तो म्हणतो कसा... वाक्य अर्ध्यावर थांबले. टर्नरांनी कानोसा घेतला. बाई झोपल्या होत्या. मान एका बाजूला कललेली, ओठ किंचित उघडे, हात मांडीवर सैल. इस्पितळाच्या बाकांवर आणि शेडच्या उंबऱ्याशी काढलेल्या त्या सगळ्या महिन्यांची झोप एकदमच आलेली दिसत होती.

ड्रायव्हिंग स्कूलचे फाटक आले. दारात शिकाऊ लोक ताटकळत उभे होते. कुणीतरी हातही केला. टर्नरांनी गाडी थांबवली नाही. इंजिन गुरगुरू नये म्हणून त्यांनी पाय अगदी हलका केला, आणि गाडी तशीच पुढे, गावाबाहेरच्या रस्त्याला घेतली.